सोनाजींची पांढरी रिंगणी

सोनाजी फोटोवाले गेल्याचं पत्र परवा हिंगोलीहून आलं. लिहिणाऱ्याने दोन ओळींत त्यांना उरकलं आहे आणि उरलेला सगळा कागद स्वतःच्या पोटदुखीवर खर्च केला आहे. मला वाचून राग आला. दोन ओळींत उरकावं असा तो माणूस नव्हता. शिवाय त्यांच्या तोंडून आयुष्यात एकदा जे खोटं बोललं गेलं, ते माझ्यामुळे बोललं गेलं. हे त्या पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. ते कुणीतरी सांगायला हवं, आणि मी सोडून दुसरं सांगणार कोण?

मी हिंगोलीला मास्तर म्हणून गेलो तो अडतीस साली. निजामाची राजवट. सरकारी शाळेला सगळे मदरसा म्हणायचे आणि मदरशातल्या मराठीच्या मास्तराला कुत्रं विचारत नव्हतं. बाजारात एका दुकानावरची खोली मला मिळाली. खाली सोनाजींचं फोटोचं दुकान होतं. फोटो ज्यांवर उतरायचा त्या काचा धुण्याच्या औषधांचा आंबूस वास फळ्यांच्या फटीतून वर यायचा आणि माझ्या वरणाला लागायचा. भांडायला म्हणून खाली उतरलो आणि पाच वर्षं त्यांच्याच चुलीवरचा चहा पीत राहिलो.

सोनाजी मूळचे कळमनुरीकडचे. वाटणीचं वावर भावांवर सोडून हैदराबादला गेले, तिथे एका फोटोवाल्याच्या अंधारखोलीत सहा वर्षं काचा धुतल्या आणि एक जुना क्यामेरा घेऊन परत आले. उंच, वाळका देह, डोक्याला रुमाल, बोटं औषधाने कायमची काळी पडलेली. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ झालं नाही. दुसरं लग्न का केलं नाही असं मी एकदा आगाऊपणे विचारलं तर म्हणाले, “जमलं न्हाई,” आणि तिपाईचे स्क्रू पिळायला लागले.

माणूस हट्टी होता. “काच खोटं बोलत न्हाई,” हे त्यांचं पालुपद. दुसरे फोटोवाले गिऱ्हाइकाच्या गालांना बारीक पेन्सिलीने गोराई आणायचे, सुरकुत्या पुसायचे. सोनाजी नाही म्हणजे नाही. एका बड्या जमीनदाराच्या तोंडावर देवीचे वण होते. तो म्हणाला, एवढे तेवढे काढून टाक. सोनाजी म्हणाले, “देवी आल्या त्या तुमच्या तोंडावर. त्यायला पुसणारा मी कोण?” जमीनदार पुन्हा त्या आळीला फिरकला नाही. अशी गिऱ्हाइकं तोडण्यात सोनाजींचा हात कुणी धरला नसता. वर पुन्हा म्हणायचे की माणूस क्यामेऱ्यासमोर आला की खोटा होतो, छाती फुगवतो, नसलेलं घड्याळ दुसऱ्याचं मागून मनगटाला बांधतो.

झाडं तसं करत नाहीत म्हणून त्यांचा जीव झाडांवर. तेही कुणी लावलेल्या नव्हे, रानच्या. होळी झाली की त्यांचा हंगाम सुरू व्हायचा. चैत्रातल्या सकाळी तांबडं फुटायच्या आत ते क्यामेऱ्याची पेटी सायकलला बांधून कयाधूच्या काठाला निघायचे. तिपाई माझ्या खांद्यावर. मी सव्वीस वर्षांचा, चार बुकं शिकलेला माणूस, हमालासारखा मागे चालायचो आणि वाटेत ओळखीचा कुणी भेटू नये अशी प्रार्थना करायचो.

नदी त्या दिवसांत सुकत आलेली असायची. मधे वाळू, कुठे कुठे गुडघाभर पाण्याचे डोह, आणि दोन्ही काठांना असलं नसलं सगळं फुललेलं. पळस संपत आलेला, तरवड पिवळा झालेला, कुड्याला पांढरे झुबके, बाभळीखालच्या रुईला भुंगे. मला हे सगळं तोपर्यंत काडीकचरा वाटायचं. सोनाजी एकेका झुडपापुढे उकिडवे बसायचे, आजूबाजूची वाळकी काडी हळूच बाजूला करायचे. झाडाला मात्र हात लावायचे नाहीत. मग काळं फडकं डोक्यावर घेऊन क्यामेऱ्यामागे शिरायचे आणि वाट बघायची.

“कशाची वाट बघता?” मी विचारायचो.

“उजेडाची. अन् वाऱ्याची.”

“वारा तर नाहीच आहे.”

“म्हणूनच तर. त्यो उठायच्या आंदी उजेड आला पाह्यजे. दोन्ही एकदम आले तर आपलं काम फसलं.”

ती मधली वेळ अर्ध्या तासाची असेल नसेल. उजेड पानापर्यंत आला की ते क्यामेऱ्याच्या डोळ्यावरची टोपी काढायचे आणि ओठ न हलवता आकडे मोजायचे. तेवढा वेळ फूल हललं तर काच वाया. मी श्वाससुद्धा रोखून धरायचो. उन्हं वर आली की पितळी डब्यातली भाकरी आणि ठेचा खाऊन आम्ही परत फिरायचो, आणि शाळेत माझ्या धोतराला कुसळं चिकटलेली पाहून पोरं हसायची. खरं सांगतो, माझ्या उभ्या आयुष्यात त्या सकाळींइतकं सुख मला दुसऱ्या कशाने दिलं नाही.

दुकानात परत आल्यावर काच धुवायची ती लाल कंदिलाच्या उजेडात. मी पहिल्यांदा विचारलं, लालच का? सोनाजी म्हणाले, “हिला लाल दिसतच न्हाई. हिच्यासाठी लाल म्हंजे अंधार. म्हणून पळसाचं फूल बघा, कागदावर कोळशावानी येतं.” आणि लगेच पुढे म्हणाले, “निळं मात्र हिला लई दिसतं. आभाळ कसं कोरं येतं, बघा.” आता एवढं ऐकल्यावर कुणाही शहाण्याच्या डोक्यात पुढचा हिशोब आपोआप झाला असता. मी मान डोलावली आणि चहा मागितला.

त्या फोटोंना गिऱ्हाईक नव्हतं. सोनाजी ते दुकानाच्या दर्शनी भिंतीला नुसते लावून ठेवायचे. बाजाराच्या दिवशी खेड्यांतले लोक थांबून बघायचे, हे तर आमच्या बांधावरचं म्हणून हसायचे. खाली नाव लिहायचं काम माझं. “तुमचं अक्षर मोत्यावानी हाय, मास्तर,” ते म्हणायचे. ते झाडाचं नाव तोंडाने सांगायचे, मी लिहायचो. मी काय लिहिलं हे त्यांना वाचता यायचं नाही. त्यांचा माझ्यावर पुरा भरवसा होता.

त्रेचाळीस सालचा चैत्र. लढाईमुळे चांगल्या काचा मिळेनाशा झाल्या होत्या. सोनाजींनी कुठूनसा जुन्या काचांचा एक खोका मिळवला होता आणि जपून जपून वापरत होते. एका सकाळी मला जाग आली नाही. सोनाजी एकटेच गेले आणि एक फोटो घेऊन आले. दोन दिवसांनी तो कागदावर उतरला तेव्हा मी बघतच राहिलो. वाळूत पसरलेलं काटेरी झुडूप, पानापानावर उभे काटे, आणि मधोमध पाच पाकळ्यांची तीन फुलं, दुधासारखी पांढरी. एक काटा जरी हलला असता तरी कळलं असतं, इतका स्वच्छ फोटो.

“नाव?” मी टाक बुडवून विचारलं.

“रिंगणी,” सोनाजी म्हणाले आणि गिऱ्हाईक आलं म्हणून बाहेर गेले.

रिंगणी माझ्याही ओळखीची होती. आमच्याकडे खोकल्याला तिचा काढा देतात. पण ती जांभळ्या फुलाची, रस्तोरस्ती पायाला बोचणारी. पांढऱ्या फुलाची रिंगणी निराळी. ती हजारांत एक सापडते, आणि तिची मुळी पोटात गेली की वांझेचीही कूस उजवते, असं माझी आत्या सांगायची. मी तिच्या तोंडून हे शंभरदा ऐकलं होतं. समोर फूल पांढरं दिसत होतं. मी मास्तर, दुसऱ्याच्या चुका काढण्याचा पगार घेणारा. सोनाजींनी अर्धवट नाव सांगितलं असं समजून मी ते पुरं केलं आणि फोटोखाली वळणदार अक्षरात लिहिलं: ‘पांढरी रिंगणी’. तेवढ्याने भागेना म्हणून पुढे ‘दुर्मिळ’ असंही लिहिलं.

पंधरा दिवसांनी बाजाराच्या दिवशी दोन बाया दुकानात आल्या. सेनगावच्या पलीकडच्या साखऱ्याच्या. म्हातारी पारुबाई, तिच्या एका डोळ्यात फूल पडलेलं आणि दुसऱ्यात मोतीबिंदू उतरलेला. तिचा हात धरून आलेली तिची सून द्वारकाबाई, पंचविशीची, सावळी, खाली बघणारी. शुक्रवार होता, मदरशाला सुट्टी, म्हणून मी दुकानातच बसलो होतो.

“फोटोवाले भाऊ तुमीच का?” पारुबाईने विचारलं. “आमच्या गावच्या पटवाऱ्यानं वाचलं म्हणे तुमच्या भिंतीवर. पांढरी रिंगणी हाय म्हणे तुमच्याकडं.”

“पांढरी?” सोनाजी म्हणाले. “कोन म्हनलं पांढरी?”

“लिव्हलंय न्हवं तुमीच.”

सोनाजींनी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला त्या क्षणी लाल कंदील आठवला आणि आभाळ आठवलं. काचेने जांभळं फूल पांढरं केलं होतं आणि मी त्याच्यावर शिक्का मारला होता. सोनाजींना सगळं कळलं. त्यांनी म्हातारीला बसायला घोंगडी टाकली.

पारुबाईने पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि सगळं सांगितलं. लेक उकंडराव. त्याच्या आधीची चार लेकरं गेली म्हणून याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून उचलला आणि तेच नाव ठेवलं. असा नवसासायासाचा एकुलता एक, आणि त्याच्या घरात सात वर्षं पाळणा नाही. भावकी मागे लागली आहे. एक मुलगी बघून ठेवली आहे, आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न धरायचं.

“पोरगी गुणाची हाय,” ती सुनेकडे न बघता म्हणाली. “माझं काई म्हणणं न्हाई तिच्याबद्दल. पण भावकीला काय सांगू? ही मुळी गावली तर म्या सांगते, औषध चालू हाय, तीन महिने थांबा. मग आखितीचं लगीन टळते. न्हाई गावली तर मग माझा इलाज न्हाई, भाऊ.”

द्वारकाबाई भिंतीवरच्या फोटोकडे बघत होती. तिने एकदाच सोनाजींकडे मान वर करून बघितलं. त्या नजरेत विनवणी होती असंच तेव्हा मला वाटलं. सोनाजींनाही तेच वाटलं असणार.

“हाय,” सोनाजी म्हणाले. “कयाधूच्या काठाला हाय. दावतो.”

मला हायसं वाटलं. माझी चूक झाकली गेली, एका बाईवरची सवत टळली, आणि रिंगणीच्या मुळीने कुणाला अपाय होत नाही, झाला तर खोकला बरा होतो. इतक्या चटकन मी मनात सगळं नीट लावून टाकलं. आज त्याची लाज वाटते.

मुळी काढायची रीत ठरलेली. आदल्या सांजेला घरच्या वडील बाईने झाडाला आवतन द्यायचं: हळदीकुंकू, अक्षता, सुपारी, आणि उद्या तुला न्यायला येते असा शब्द. मग दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत, जिला औषध घ्यायचं तिनेच ती काढायची. लोखंड लावायचं नाही, लाकडी खुंटीनं उकरायचं. आणि उठल्यापासून मुळी घरी जाईपर्यंत तिने तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की गुण गेला. दोघी बाजारातल्या एका नातलगाकडे उतरल्या होत्या. सांजेला पारुबाई एकटीच आमच्याबरोबर आली. तोवर अंधारत आलं होतं, रिंगणीची फुलं मिटली होती, आणि म्हातारीला तशीही ती दिसली नसती. सोनाजींनी तिचा हात धरून काट्यांपर्यंत नेला. तिने अक्षता टाकल्या, हात जोडले आणि बराच वेळ पुटपुटत राहिली.

परतताना मी हळूच म्हणालो, “सोनाजी, काच खोटं बोलत नाही ना?”

“काच न्हाई बोलली,” ते म्हणाले. “तिला दिसलं तसं तिनं सांगितलं. मी बोललो.” मग म्हातारीचा हात धरून ते पुढे झाले.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला आम्ही चौघं काठावर होतो. सोनाजींनी क्यामेरा आणला होता. कशाला, तर नुसतं उभं कसं राहायचं म्हणून. दहा पावलांवरच्या कुड्यासमोर त्यांनी तिपाई रोवली आणि फडक्यात डोकं घातलं. वारा नव्हता. कुड्याचा मंद वास सुटला होता, डोहावर टिटवी ओरडत होती. इतकी चांगली सकाळ होती की मला तिचा राग आला.

द्वारकाबाई खुंटी घेऊन रिंगणीपुढे बसली. उजेड हळूहळू वाळूवर आला. फुलं उघडत होती. मी तिच्या मागे उभा होतो, मला दिसली. जांभळी, चांगली गर्द जांभळी, मधे पिवळे केसर. शेतकऱ्याची लेक ती, तिला काय कळायचं राहणार? तिचा खुंटीचा हात थांबला. तिने मान वळवली आणि सोनाजींच्या दिशेने बघितलं. पण ते फडक्याखाली होते.

हात थांबलेला म्हातारीने कानांनी ओळखला. “काय झालं गं?” ती म्हणाली आणि मग तिच्याच ध्यानात आलं की सुनेला बोलायची बंदी आहे. “फोटोवाले भाऊ, पांढरीच हाय न्हवं? तुमी सांगा. मला दिसून न्हाई राहिलं.”

काळ्या फडक्याखालून सोनाजींचा आवाज आला. “पांढरीच हाय, माय.”

द्वारकाबाई उभी राहिली. खुंटी वाळूत टाकली.

“जांभळी हाय, आत्याबाई,” ती म्हणाली.

“अगं बोललीस काहून! मोडलंस ना सगळं!” म्हातारी ओरडली. फुलाच्या रंगापेक्षा तिला ते बोलणं जास्त लागलं.

“मोडू द्या. जांभळी हाय. आपल्या बांधावर असते, आपल्या शेळ्या जिला तोंड लावत न्हाईत, तीच हाय.”

सोनाजी फडक्यातून बाहेर आले. त्यांचा रुमाल सुटला होता. द्वारकाबाईने आता त्यांच्याकडे सरळ बघितलं. काल दुकानात खाली बघणारी ती हीच, यावर माझा विश्वास बसेना.

“भाऊ, तुमाला ठावं होतं. खोटं काहून बोललात?”

“तुझं चांगलं व्हावं म्हणून, माय.”

“काय चांगलं व्हणार होतं?” तिचा आवाज चढला नाही. “तीन महिने समद्या घरानं माझ्या तोंडाकडं बघत बसायचं. सात वर्सं तेच चालू हाय. दर महिन्याला मी कोपऱ्यात बसले की घरात सुतक पडल्यावानी होते. अन् तीन महिन्यांनी बी काई न्हाई झालं तर? मग लोक काय म्हनतीन? पांढऱ्या रिंगणीनं बी उजवली न्हाई, अशी वांझ हाय ही. आज निदान औषध गावलं न्हाई एवढं तरी म्हनतात. ते बी तुमी काढून घेऊन राहिले होते.”

मी पुढे होऊन म्हणालो, “बाई, चूक माझी आहे. ते नाव मी लिहिलं.” तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी चुकीची कबुली द्यायला उशीर केला होता, आणि उशिराची कबुली कुणाच्या कामाची नसते.

मग ती सासूकडे वळली आणि एकदम मवाळ झाली. “करा आखितीला लगीन. म्या आड येत न्हाई. तिचं लेकरू झालं तर म्या खेळवीन. पण आता वाट न्हाई बघवत मला, आत्याबाई. लई थकले.”

पारुबाई वाळूत खाली बसली. तिच्या त्या पांढुरक्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “म्या बी सवतीवरच दिलेली हाय,” ती म्हणाली. “तुला कदी सांगितलं न्हाई.” द्वारकाबाई तिच्याशेजारी बसली. थोड्या वेळाने ऊन चढलं तशी सुनेने सासूला उठवलं आणि काटे चुकवत, हात धरून वाटेला लावलं. आम्ही दोघं पुरुष क्यामेऱ्याजवळ उभे होतो तसेच राहिलो. मला त्या बाईपुढे इतकं लहान वाटलं की सांगता येत नाही. त्या दिवशी सोनाजींनी काच खर्च केली नाही.

दुकानात आल्यावर त्यांनी रिंगणीचा फोटो भिंतीवरून उतरवला. मला वाटलं फाडतात. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “लिव्हा. रिंगणी. फूल जांभळं. काचेला पांढरं दिसलं.” मी लिहिलं. मग भिंतीवरचे सगळे फोटो एकेक उतरवले आणि प्रत्येकाखाली त्यांनी मला झाडाचा खरा रंग लिहायला लावला. पळस, फूल केशरी, काचेत काळं. तरवड, फूल पिवळं. संध्याकाळ झाली तरी आमचं चालू होतं. लिहून झालं की ते मला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावायचे. आधी कधी लावलं नव्हतं. त्यांनी त्या चुकीबद्दल मला शेवटपर्यंत बोल लावला नाही, फक्त वाचायला लावलं.

आखितीला उकंडरावांकडून लग्नाच्या फोटोचं बोलावणं आलं. मी म्हणालो, “जाऊ नका.” सोनाजी म्हणाले, “बोलावलंय. न गेलो तर तिला वाटंल लाजून लपला.” मला सुट्टी होती, मीही गेलो. सेनगावपासून बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली. लग्न साधंच होतं. उकंडराव दिसायला गरीब माणूस, बाशिंगाखाली घामाघूम झालेला, वरातीत सुद्धा भावकी सांगेल तिकडे वळणारा. द्वारकाबाई पंगतीत वाढत होती. ती नव्या नवरीला कुंकू लावत होती तेव्हा मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सोनाजी सवयीने उठले. गाव लग्नाच्या दमणुकीने झोपलं होतं. आम्ही क्यामेरा घेऊन शिवारात गेलो. काळी रानं नांगरून उघडी पडली होती आणि बांधावर तरवड फुलला होता. सोनाजींनी तिपाई रोवली, फडकं घेतलं. एवढ्यात बांधावरून डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन कुणी आलं. द्वारकाबाई होती. आम्हाला बघून थांबली.

“ह्या झाडाचा काढून राहिले का?”

“व्हय, माय.”

तिने तरवडाकडे बघितलं. मग पेंढी खाली ठेवली. “भाऊ, माझा एकटीचा काढता का?”

त्या काळात बाईमाणसाने एकटीचा फोटो काढायचा म्हणजे काय, हे आज सांगून कळणार नाही. नवऱ्याशेजारी, नाही तर मेल्यावर, असेच बायांचे फोटो. सोनाजींनी काही विचारलं नाही. ती तरवडाजवळ उभी राहिली. पदराला कडब्याचं कुसळ लागलेलं, रात्रभर जागलेले डोळे सुजलेले. ती नीटनेटकी होईल म्हणून सोनाजी थांबले, पण ती तशीच उभी राहिली. उजेड आला. त्यांनी टोपी काढली आणि आकडे मोजले. तरवडाचं पान हललं नाही आणि तीही हलली नाही.

पुढे जून महिन्यात माझी बदली झाली आणि हिंगोली सुटली. साखऱ्यात पुढे काय झालं, दुसरीला लेकरू झालं की नाही, मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही. सोनाजी आणखी पंचवीस वर्षं जगले. माझ्या जागी आलेल्या मास्तरांकडून पत्रं लिहून घ्यायचे आणि कुठे काय फुललं ते कळवायचे.

पण बदलीआधी द्वारकाबाई एकदा बाजाराला आली होती, तो फोटो घ्यायला. मी दुकानातच होतो. सोनाजींनी कागदात गुंडाळून ठेवलेला फोटो काढून तिच्या हातात दिला. तिने आधी पदराला हात पुसले. मग दाराशी उजेडात गेली आणि फोटो डोळ्यांजवळ धरला. जन्मात पहिल्यांदा स्वतःला असं पुरं, डोक्यापासून पायापर्यंत, बघत होती. तोंडावरून, खांद्यांवरून, हातांवरून, पोटावरून तिची नजर हळूहळू फिरत राहिली, हरवलेलं काही शोधावं तशी.

“भाऊ,” शेवटी ती म्हणाली, “ह्यात तर काई उणं दिसून न्हाई राहिलं.”